दूरदेशीचे वर्गमित्र आणि आपले इंग्रजीचे अध्यापन

(तालुका शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



इंग्रजीच्या अध्यापनासंबंधी काही विचार आपणांपुढे मांडावेत, अशी सूचना मला परिषदेच्या चालकांनी केली. हा विषय आपणां सर्वांच्या रोजच्या कामातला असल्यामुळे त्यात नवे काय सांगावयाचे, असा प्रश्न प्रथम मनात येतो. तथापि आज मी व्याकरणाविषयी किंवा पाठ्यपुस्तकाविषयी बोलणार नाही. आपल्या मुलांनी परदेशातील किंवा परप्रांतातील शाळांच्या मुलांशी इंटरनेटच्या साहाय्याने पत्रव्यवहार व संभाषण करावे, आणि त्या निमित्ताने इंग्रजी शिकावे, या एकाच उपक्रमाविषयी बोलावयाचे मी योजिले आहे.

महाराष्ट्रात सन २००० च्या जूनपासून मराठी माध्यमाच्या शाळांत पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी हा विषय सुरू झाला. त्यास पाव शतक लोटले. मुले अक्षरे ओळखतात, कविता साभिनय म्हणतात, पाठ वाचतात. हे सर्व आपल्या परिश्रमाचे फळ होय. असे असूनही सातवीतला मुलगा इंग्रजीत स्वतःच्या मनातले एक वाक्य बोलण्यास का कचरतो, याचा विचार आपण केला पाहिजे. मला त्याचे एक कारण असे दिसते की, त्या मुलास इंग्रजीत काही सांगण्यासारखा माणूसच भेटत नाही. घरी आईवडील मराठी बोलतात, दुकानात मराठी चालते, खेळ मराठीत होतो, आणि हे योग्यच आहे. उरतो तो वर्ग. वर्गात गुरुजी विचारतात, "व्हॉट इज युवर नेम?" गुरुजींना त्याचे नाव चार वर्षांपासून ठाऊक असते! ज्याचे उत्तर विचारणाऱ्यास आधीच माहीत आहे, तो प्रश्न परीक्षेचा होतो. संभाषणाचा होत नाही. भाषा शिकण्यास सांगण्याजोगे काही आणि ऐकणारा कोणी, अशी दोन्ही लागतात. सांगण्याजोगे आपल्या मुलांपाशी भरपूर आहे. ऐकणारा तेवढा आपण मिळवून द्यावयाचा आहे.

ही कल्पना आजची नव्हे. फ्रान्समधील सेलेस्तें फ्रेने हे एका खेड्यातील साधे शिक्षक होते. दक्षिणेकडील बार-स्यूर-लू या डोंगराळ गावच्या शाळेत त्यांनी एक लहानसे छपाईयंत्र आणले, मुलांनी सांगितलेल्या हकिकती मुलांकडूनच जुळवून छापून घेतल्या, आणि १९२६ मध्ये ब्रिटनी प्रांतातील त्रेगँक या समुद्रकाठच्या गावच्या शाळेशी त्या लेखांची देवाणघेवाण सुरू केली. डोंगरातल्या मुलांना समुद्राची आणि समुद्रकाठच्या मुलांना डोंगराची ओळख पुस्तकातून नव्हे, तर समवयस्कांच्या अक्षरांतून झाली. पुढे संगणक आले. १९८८ मध्ये अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्य आणि मॉस्को येथील प्रत्येकी बारा शाळा संगणकाद्वारे एकमेकींशी जोडल्या गेल्या. दोन्ही राष्ट्रांत शीतयुद्धाचा दुरावा असतानाची ही गोष्ट आहे. त्या प्रयोगातूनच आयअर्न ही संस्था उदयास आली, आणि आज शंभरांहून अधिक देशांतील शिक्षक तिच्या उपक्रमांत भाग घेतात. युरोपात २००५ पासून ई-ट्विनिंग ही योजना निरनिराळ्या देशांच्या शाळांच्या जोड्या जुळवीत आली आहे.

आपल्याच राज्यातले उदाहरण आपणांस ठाऊक आहे. सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले यांना २०२० सालचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यांच्या कामातील क्यू. आर. कोडच्या पाठ्यपुस्तकांची चर्चा पुष्कळ झाली. परंतु भारत व पाकिस्तान, इस्राएल व पॅलेस्टाइन अशा ज्या देशांत वैर आहे, तेथील मुलांना परस्परांशी बोलते करण्याचा उपक्रमही त्यांनी केला होता, हे आपण विशेष लक्षात ठेवावे. पुरस्काराच्या दहा लक्ष डॉलरांपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. जिल्हा परिषदेच्या खेड्यातील शाळेतून जगाशी बोलता येते, याला यापेक्षा अधिक प्रमाण ते काय हवे?

आता प्रत्यक्ष कार्याकडे वळू. प्रथम प्रश्न येतो तो जोडीदार शाळेचा. अनेकांची समजूत अशी की, इंग्रजी शिकावयाचे तर इंग्लंड-अमेरिकेतील मुलेच हवीत. मला ही समजूत बरोबर वाटत नाही. ज्या मुलांची ती मातृभाषा आहे, त्यांच्यापुढे आपले मूल प्रथम दबून जाते. उलट जपान, तुर्कस्तान, पोलंड, इंडोनेशिया येथील मुलेही आपल्या मुलांप्रमाणेच इंग्रजी शिकत असतात. जपानमध्ये तर प्राथमिक शाळेच्या पाचवी-सहावीत इंग्रजी हा रीतसर विषय एप्रिल २०२० पासून झाला. तेथील मूलही शब्द शोधत बोलते, आणि तेथील शिक्षकही शब्दकोश जवळ ठेवून बोलतात. दोन्ही बाजू शिकाऊ असल्या म्हणजे कोणी कोणास हसत नाही.

दुसरे कारण घड्याळाचे आहे. आपल्याकडे सकाळचे अकरा वाजतात तेव्हा न्यूयॉर्कला हिवाळ्यात रात्रीचे साडेबारा वाजलेले असतात. तेथील मुलांशी शाळेच्या वेळात प्रत्यक्ष बोलणे शक्यच नाही. जपानमध्ये मात्र त्या वेळी दुपारचे अडीच वाजतात. तुर्कस्तान आपल्या अडीच तास मागे आहे. आपले दोन ते त्यांचे साडेअकरा. पोलंड हिवाळ्यात साडेचार तास आणि उन्हाळ्यात साडेतीन तास मागे असतो. हे गणित आपण सांगू नये. पृथ्वीचा गोल पुढे ठेवून पाचवी-सहावीच्या मुलांकडून काढून घ्यावे. रेखावृत्तांचा पाठ त्या दिवशी जसा समजतो, तसा एरवी समजत नाही. तसेच वर्षाचे नियोजन करताना दोन्हीकडच्या सुट्या पाहाव्यात. जपानचे शालेय वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, आपले जूनमध्ये. आपली दिवाळीची सुटी आणि युरोपातील नाताळची सुटी यांमधला काळ अशा कामास सोयीचा पडतो.

परदेशातील जोडीदार लगेच न मिळाल्यास खोळंबून राहण्याचे कारण नाही. केरळातील किंवा नागालँडमधील शाळा हीसुद्धा आपल्या मुलांच्या दृष्टीने दूरदेशीचीच आहे. तेथील मुलांना मराठी येत नाही आणि आपल्या मुलांना मल्याळम् येत नाही. तेव्हा इंग्रजीवाचून गत्यंतर नाही, अशी नैसर्गिक गरज तेथेही निर्माण होते.

आता मुख्य मुद्दा. हा उपक्रम म्हटला की पडद्यावरचे संभाषणच डोळ्यांपुढे उभे राहते. गावातील मान्यवर जमले आहेत, मुले नऊवारी व फेटे घालून बसली आहेत, दोन हुशार विद्यार्थी पाठ केलेली भाषणे म्हणत आहेत, छायाचित्रे निघत आहेत, आणि मागच्या चाळीस मुलांना काय चालले आहे याचा पत्ता नाही. बंधुभगिनींनो, याला समारंभ म्हणता येईल. शिक्षण म्हणता येणार नाही. या कार्याचा कणा पत्र हाच आहे. पत्र लिहिण्यास अवधी मिळतो, खोडता येते, पुन्हा लिहिता येते. शेवटच्या बाकावरचे मूलही त्यात भाग घेऊ शकते. शिवाय त्यास वेगवान इंटरनेट लागत नाही. मुलाने वहीत लिहिलेल्या पत्राचे छायाचित्र शिक्षकाने आपल्या मोबाइलवरून पाठविले की पुरे. ज्या गावात टेकडीवर गेल्यावाचून मोबाइलला रेंज मिळत नाही, तेथील शाळाही हे करू शकते.

पहिले पत्र कसे लिहून घ्यावे? मी असे सुचवीन की, प्रथम मराठीत बोलू द्यावे. "त्या मुलांना आपल्याविषयी काय सांगाल?" एवढेच विचारावे. कोणी शेळीला झालेल्या करडांविषयी सांगेल, कोणी विहिरीत पोहण्याविषयी, कोणी आजीच्या हातच्या धपाट्यांविषयी. फळा भरून जाईल. त्यातून प्रत्येकाने आपल्यापुरत्या चार गोष्टी निवडाव्यात, आणि मग त्यांसाठी इंग्रजी शोधावे. विचार मराठीत झाला म्हणून इंग्रजीचे काही बिघडत नाही. उलट सांगण्यास काही असल्याशिवाय इंग्रजी येणारच नाही.

येथेच भाषेचे खरे पाठ आपोआप उभे राहतात. आपण मराठीत म्हणतो, "मला दोन बहिणी आहेत", "माझ्याकडे शेळी आहे", "आमच्या घराला दोन दारे आहेत". मराठीत दोन निरनिराळ्या रचना झाल्या. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी 'आय हॅव' किंवा 'अवर हाउस हॅज' एवढ्याने भागते. मुलाच्या पहिल्या पत्राला ही रचना दहा वेळा लागते, म्हणून ती त्या आठवड्यात शिकवावी. तसेच "मी रोज शाळेत जातो" यासाठी आपली मुले 'आय ॲम गोइंग' असे लिहितात. तेथे रोजच्या सवयीला 'आय गो' का, हे सांगण्याची वेळ तीच. मराठीत 'अ' आणि 'द' ही उपपदे नाहीत, म्हणून ती मुलांकडून गळतात. पहिल्या पत्रात गळू द्यावीत, तिसऱ्या पत्राच्या वेळी शिकवावीत.

दुसरा पाठ वर्णनाचा. 'भाकरी' या शब्दाला इंग्रजी प्रतिशब्द शोधत बसू नये. भाकरी ही भाकरीच राहू द्यावी आणि मुलाने तिचे वर्णन करावे: ती कशाची करतात, कशावर भाजतात, कशाबरोबर खातात. 'इट इज मेड ऑफ', 'वी ईट इट विथ' अशा दोन-तीन वाक्यसाच्यांवर ओसरी, गोफण, पाटा-वरवंटा अशा कितीतरी वस्तू मुलास सांगता येतात. आपल्या जगातील वस्तू परक्यास समजावून देता येणे, ही भाषेवरील प्रभुत्वाची पहिली पायरी होय.

पत्रे तपासण्याविषयी माझे म्हणणे आग्रहाचे आहे. जेथे अर्थच कळत नसेल, तेथे दुरुस्ती करावी. बाकीचे मुलाचे म्हणून राहू द्यावे. शिक्षकाने सुंदर इंग्रजीत एक पत्र लिहून द्यावे आणि पस्तीस मुलांनी ते उतरून काढावे, असे झाले तर सारा उपक्रम फुकट गेला. पलीकडच्या मुलास पस्तीस सारखी पत्रे मिळतील. ते कोणास उत्तर देणार? आणि आपल्या मुलास आलेले उत्तर वस्तुतः त्याच्या पत्राचे नव्हे, गुरुजींच्या पत्राचे असेल. पाच वाक्यांचे, चुकांसकट, पण स्वतःचे पत्र हे उतरून काढलेल्या दोन पानांहून मोलाचे आहे. त्याच्या उत्तरात जेव्हा "तुझ्या शेळीचे नाव काय?" असा प्रश्न येतो, तेव्हा आपण लिहिलेले कोणीतरी वाचले, हे त्या मुलास कळते. हा अनुभव गुणपत्रकातून देता येत नाही.

दोन-तीन पत्रे झाल्यावर ध्वनिमुद्रित निरोप पाठवावेत, आणि शेवटी एखादे प्रत्यक्ष संभाषण ठेवावे. ते वीस मिनिटांहून अधिक नसावे. त्यास 'ओळखा आमचा देश' हा खेळ उत्तम. दोन्ही वर्गांनी आपला देश न सांगता, ज्यांचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' असेच येईल असे प्रश्न विचारीत परस्परांचे ठिकाण शोधावयाचे. 'तुमचा देश विषुववृत्ताच्या उत्तरेस आहे काय?' 'त्यास समुद्र लागून आहे काय?' हा खेळ स्काइपच्या माध्यमातून जगभर प्रसिद्ध झाला. स्काइप ही सेवा मे २०२५ मध्ये बंद झाली, पण खेळ कोणत्याही साधनाने खेळता येतो. पत्रांतून ओळख झालेली असल्यास देशाऐवजी 'ओळखा आमचा सण' किंवा 'ओळखा आमची वस्तू' असे करावे. यात साऱ्या वर्गास काम मिळते: काहींनी प्रश्न तयार करावेत, काहींनी विचारावेत, काहींनी नकाशा पाहावा, काहींनी उत्तरे टिपावीत, एकाने घड्याळ सांभाळावे. पुढच्या वेळी कामे बदलावीत.

संभाषणापूर्वी चार वाक्ये मात्र प्रत्येक मुलास पक्की यावीत: 'मला समजले नाही', 'कृपया पुन्हा सांगा', 'जरा सावकाश बोला', आणि 'याचे स्पेलिंग काय?' ही इंग्रजीत म्हणता आली की मूल अडत नाही. आपण शिक्षकांनीही ती निःसंकोचपणे वापरावीत. "आमचेच इंग्रजी कच्चे, आम्ही परदेशी शिक्षकांशी काय बोलणार?" असे पुष्कळ जण मला विचारतात. समोरचे शिक्षकही बहुधा याच चिंतेत असतात. गुरुजी "पुन्हा सांगा" असे म्हणताना मुलांनी पाहिले, तर न समजणे ही लाज नव्हे, हा धडा त्यांना फुकट मिळतो.

भाषेबरोबर संस्कृतीचाही विचार झाला पाहिजे. सण, पोशाख आणि पदार्थ यांची यादी म्हणजे संस्कृती नव्हे. अमेरिकेतील एम. आय. टी. या विद्यापीठात १९९७ पासून 'कुल्तुरा' नावाचा एक प्रयोग झाला. त्यात फ्रेंच आणि अमेरिकन विद्यार्थ्यांना एकच शब्द देत, त्यावरून मनात काय येते ते प्रत्येकाने आपापल्या भाषेत लिहावयाचे, आणि मग दोन्ही याद्या शेजारी ठेवून पाहावयाच्या. आपल्या वर्गासही हे सहज जमेल. 'पाऊस' हा शब्द घ्या. आपली मुले पेरणी, चिखल, गळणारे छप्पर, वाट पाहणे असे काही लिहितील. दुसरीकडून कदाचित छत्री आणि रद्द झालेला खेळ असे येईल. 'पाहुणा', 'सुटी', 'काम' हे शब्दही असेच बोलके आहेत. किंवा जेवणाची सुटी घ्या. जपानमधील पुष्कळ शाळांत मुलेच एकमेकांना वर्गात जेवण वाढतात आणि वर्गही मुलेच झाडतात. आपल्या शाळेतही पोषण आहार आहे, पंगत आहे, सफाईची पाळी आहे. सारखे काय, वेगळे काय, आणि वेगळे का, हे तीन प्रश्न मुलांनी विचारले की दुसऱ्यास समजून घेण्याची सवय लागते. विशेष म्हणजे स्वतःचे जीवनही ती प्रथमच नीट पाहू लागतात. एखादा प्रश्न आपल्यास खोचक वाटला तरी रागावू नये. बहुधा ते अज्ञान असते, आणि शांतपणे उत्तर देणे हाही भाषेचाच अभ्यास आहे.

येथे एक नाजूक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्या कित्येक शाळांतील मुलांचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. काही मुले त्यांच्याबरोबर जातात, काही हंगामी वसतिगृहात राहतात. अशा मुलाने आपल्या घराविषयी काय लिहावे, हे त्याचे त्यानेच ठरवावे. परक्यांच्या मनात दया उत्पन्न व्हावी म्हणून त्याच्याकडून दारिद्र्याचे वर्णन करवून घेऊ नये. आणि शाळेची शोभा राखण्यासाठी ते लपविण्यासही सांगू नये. माझे वडील ऊस तोडतात, हे वाक्य मुलाने ताठ मानेने लिहिले तर त्यात कमीपणा काहीच नाही. तो मुलगा कारखान्याच्या फडावर गेलेला असताना त्याच्या नावे पत्र आले, तर ते दुसऱ्यास देऊ नये. पालकांच्या मोबाइलवर ते पाठवावे आणि उत्तर मागवावे. शाळेशी असलेला त्याचा धागा त्या पत्राने टिकून राहिला, तर इंग्रजीहूनही मोठे काम झाले असे मी समजेन.

सुरक्षिततेविषयी थोडक्यात. उपक्रम सुरू करण्यापूर्वी वरिष्ठांची लेखी परवानगी घ्यावी, शाळा व्यवस्थापन समितीत विषय मांडावा आणि प्रत्येक पालकाची लेखी संमती घ्यावी. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासंबंधीच्या २०२३ च्या कायद्यात अठरा वर्षांखालील सर्वांस बालक मानले आहे, व त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक ठरविली आहे. सर्व पत्रे शिक्षकाच्या खात्यावरून जावीत व यावीत. मुलांनी परस्पर संपर्क ठेवू नये. पत्रात पहिले नाव पुरे. आडनाव, घरचा पत्ता, मोबाइल क्रमांक देऊ नयेत. एकेका मुलाचे छायाचित्र न पाठविता गटाचे, किंवा मुलांनी काढलेले चित्र पाठवावे.

उपक्रमाचे फळ कसे मोजावे? प्रत्येक मुलाचे पहिले पत्र जपून ठेवावे आणि सहा महिन्यांनी शेवटच्या पत्राशेजारी ठेवून पाहावे. वाक्ये किती वाढली, मुलाने स्वतःहून प्रश्न किती विचारले, आणि वर्गातील किती मुलांनी लिहिले, एवढे पाहिले तरी पुरे. या तिहींत शेवटचा आकडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

शेवटी एक विनंती. साऱ्या तालुक्याने हे एकदम करावे असे मी म्हणत नाही. प्रत्येक केंद्रातून दोन शाळांनी, एकेका वर्गाने, आरंभ करावा. पुढील शिक्षण परिषदेला येताना त्या शिक्षकांनी मुलांची पहिली पत्रे, न सुधारलेली, बरोबर आणावीत. त्यांत कोणत्या रचना मुलांना अडल्या, हे आपण एकत्र बसून पाहू आणि त्यांवरूनच पुढील महिन्याचे पाठ आखू. जोडीदार शाळा शोधण्यासाठी आणि परवानगीच्या कागदपत्रांसाठी आमच्या कार्यालयाकडून जे साहाय्य लागेल, ते देण्यास मी बांधलेला आहे.